माझ्या पोटातला बुडबुडा सरकला त्याची गोष्ट

मित्रांनो, तुमच्या पोटात काय असतं ते मला माहीत नाही, पण माझ्या पोटात एक बुडबुडा आहे. वाटाण्याएवढा. काचेच्या एका छोट्या नळीत, पोपटी पाण्यात तो पोहत असतो. नळीवर दोन काळ्या रेघा आहेत. मला सपाट फळीवर ठेवलं, की बुडबुडा त्या दोन रेघांच्या बरोबर मधे येऊन बसतो. फळी एका बाजूला उंच असली, की तो उंच बाजूला पळतो. एवढंच माझं काम. सुतार मला लेव्हल म्हणतात. जुने गवंडी पाणसळ म्हणत.

माझं अंग लाकडाचं आहे, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या आहेत. ज्याने मला घडवलं त्या कारागिराने नळी पांढऱ्या लेपात बसवताना श्वाससुद्धा रोखून धरला होता. तेव्हा मला वाटलं, हा माणूस एवढा घाबरतो कशाला? नळी केसभर इकडे बसली काय नि तिकडे बसली काय, कोणाचं काय बिघडणार आहे? हा प्रश्न मी बरीच वर्षं मनात ठेवला. त्याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं, तेही माझी पुरती शोभा झाल्यावर.

तुम्हाला एव्हाना कळलंच असेल, की माझा स्वभाव चौकस आहे. खिळ्यावर टांगलेली असले, तरी माझं सगळं लक्ष कारखान्यातल्या माणसांकडे. आमचा कारखाना कपाटं, फडताळं आणि टेबलं बनवणारा. तिथले काका सगळ्यात जुने सुतार. त्यांनी मला विकत आणलं, वीस वर्षं वापरलं, आणि डोळे अधू झाल्यावर ताईच्या हाती दिलं.

ताई म्हणजे काकांची शिष्या. आठ वर्षं तिने पॉलिश पेपरने नुसत्या फळ्या घासल्या. लोकांच्या घरी, शाळेत, दवाखान्यात जाऊन काम बसवायचं, म्हणजे फिटिंग करायचं, ही तिची इच्छा. ते काम तिला मिळालं, त्या दिवशी तिने मला फडक्याने तीन वेळा पुसलं. मी काही तेवढी मळलेली नव्हते.

काकांनी तेव्हा तिला एकच गोष्ट बजावली होती. "रोज सकाळी काम सुरू करण्याआधी लेव्हल टेबलावर ठेवायची, बुडबुडा बघायचा. मग टोकं बदलून त्याच जागी पुन्हा ठेवायची, पुन्हा बघायचा."

"का हो काका?"

"टेबल वाकडं असलं, तर लेव्हल कशीही फिरव, बुडबुडा टेबलाच्या उंच बाजूलाच जाणार. पण लेव्हल फिरवली आणि बुडबुड्यानेही बाजू बदलली, तर खोट टेबलात नाही, लेव्हलमध्ये आहे."

मला तेव्हा थोडा रागच आला होता. माझी रोज परीक्षा? पण ताई ती रोज घ्यायची आणि मी रोज पास व्हायचे, म्हणून पुढे मला त्याची मजा वाटू लागली.

आता झालंचभाऊंबद्दल सांगते. त्यांचं खरं नाव काही वेगळं असणार, पण कारखान्यात त्यांना सगळे झालंचभाऊच म्हणत. कारण कुठल्याही कामाबद्दल विचारा, त्यांचं उत्तर ठरलेलं, "झालंच समजा!" फळ्या कापल्या का? झालंच समजा. बिजागऱ्या आणल्या का? झालंच समजा. हे म्हणताना ते इतकं गोड हसत, की विचारणाराही हसून पुढे जाई. माणूस वाईट नव्हता. कोणाला बरं नसलं, की पहिली चौकशी तेच करत. विनोद असे सांगत, की हसता हसता एकदा काकांचा चष्मा पडला. पण कामाच्या नावाने नुसती टंगळमंगळ. दहाच्या आधी पाऊल आत पडायचं नाही. दुसऱ्यांची हत्यारं न विचारता उचलायची आणि भलत्याच ठिकाणी ठेवायची. अर्धं काम ताईच्या गळ्यात मारायचं आणि पूर्ण झालं, की "आम्ही केलं" म्हणून कारखान्याच्या मालकीणबाईंना दाखवायचं. मला फार कुतूहल वाटे. एवढी चालढकल करायला जेवढी अक्कल लागते, तेवढ्यात काम नसतं का झालं?

त्या सोमवारी झालंचभाऊंना वरच्या मांडणीत अडकलेली एक फळी ढकलायची होती. काठी चार पावलांवर होती. त्यांनी ताईच्या खिळ्यावरून मला उचललं, नुकत्याच रंगवलेल्या आपल्या नेहमीच्या पिवळ्या स्टुलावर चढले आणि मला फळीच्या खाली खुपसलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मी हातातून निसटले. आधी स्टुलाच्या कडेवर आपटले, मग जमिनीवर.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मला उचलून त्यांनी फुंकर मारली आणि स्वतःशीच म्हणाले, "काही झालेलं नाही." मलाही तसंच वाटलं, मित्रांनो. कोपऱ्याला थोडा पोचा आला होता, बाकी काही दुखत नव्हतं. आतल्या लेपाला तडा गेला होता आणि माझी नळी केसभर सरकली होती, हे मला कुठे ठाऊक?

दुसऱ्या दिवशी लहान मुलांच्या एका नव्या वाचनालयात लांबलचक टेबल बसवायचं होतं. एका भिंतीला धरून, दारापासून खिडकीजवळपर्यंत, खाली भिंतीत बसवलेले लोखंडी अँगल, वर सलग जोडलेल्या फळ्या. फळ्या कापून ठेवण्याचं काम झालंचभाऊंचं होतं आणि ते अर्थातच झालंच समजायचं होतं. ताई सकाळी आली तर फळ्या तशाच पडलेल्या. तिने कपाळावर हात मारला, स्वतः फळ्या कापल्या, टेम्पोत भरल्या आणि मला पिशवीत टाकून धावतपळत निघाली. त्या धांदलीत तिने माझी रोजची परीक्षा घेतली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

मी भिंतीवर दिवसभर इमानेइतबारे काम केलं. ताई मला धरायची, बुडबुडा मधे आला की पेन्सिलीने खूण करायची, मला पुढे सरकवायची. मीच म्हणत होते, सरळ आहे, सरळ आहे. खोटं बोलायचा माझा जराही विचार नव्हता. न कळता खोटं बोलता येतं का, हा प्रश्न मला त्याआधी कधी पडलाच नव्हता.

गुरुवारी दुपारी वाचनालयाच्या बाईंचा फोन आला. टेबलावर ठेवलेल्या पेन्सिली एकामागून एक घरंगळत जातात आणि खिडकीजवळ खाली पडतात. शनिवारी वाचनालय उघडायचं होतं.

मालकीणबाई, काका, ताई आणि झालंचभाऊ असे सगळे तिथे गेले. मालकीणबाईंनी टेबलावर पेन्सिल ठेवली. ती चालू लागली. सगळे तिच्याकडे बघत राहिले आणि ती टेबलाच्या शेवटाला जाऊन टप्पकन पडली.

"मी तर हातही लावला नव्हता मॅडम," झालंचभाऊ घाईघाईने म्हणाले. "फिटिंग ताईंनी एकटीनं केलंय."

हे अगदी खरं होतं. खरं बोलून हात झटकता येतात, ही माझ्यासाठी नवीनच माहिती होती.

ताईने मला टेबलावर ठेवलं. बुडबुडा बरोबर मधे. पेन्सिल म्हणते उतार आहे, मी म्हणते नाही! ताईचा चेहरा पडला. तिने काकांकडे पाहिलं. मग एकदम तिला आठवलं. तिने माझी टोकं बदलून मला पुन्हा तिथेच ठेवलं.

बुडबुडा रेघ ओलांडून दुसऱ्याच टोकाला जाऊन बसला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर मी फक्त एकच गोष्ट केली होती, खरं सांगितलं होतं, आणि आता तेही जमेना.

"लेव्हल खोटी झालीय," ताई म्हणाली. "पण चूक माझी आहे, मॅडम. मंगळवारी सकाळी मी ती फिरवून बघितली नाही."

"खोटी झाली कशी?"

ताईचा अंगठा माझ्या कोपऱ्यावरच्या पोच्यावर होता. पोच्यात पिवळ्या रंगाची टिकली चिकटलेली होती. तिने ती पाहिली. पिवळं स्टूल कोण वापरतं, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. आता ही नाव घेणार, असं मला वाटलं. झालंचभाऊंनाही वाटलं असावं, कारण ते अचानक खिडकीबाहेर बघायला लागले.

"ते मी बघते," ताई एवढंच म्हणाली.

मालकीणबाई चिडल्या नाहीत, पण त्यांचा आवाज कोरडा झाला. "उद्या दुपारी मी येते. टेबल सरळ झालं नसेल, तर यापुढे तुम्ही फिटिंगला जायचं नाही. कारखान्यातच फळ्या घासायच्या."

पुन्हा तेच आठ वर्षांचं घासणं! ताईने मला पिशवीत ठेवलं.

संध्याकाळी कारखान्यातले बाकीचे गेल्यावर तिने झालंचभाऊंना थांबवलं. मी कान टवकारले. मला वाटलं, आता भांडण होणार. पण तिने मला फक्त त्यांच्यासमोर ठेवलं आणि पोच्याकडे बोट दाखवलं.

"कोणाच्याही हातून पडली असेल हो ताई."

"भाऊ."

त्यांनी पोच्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर बोलणी बसली असती."

"बसली असती. दोन मिनिटं. आणि मी दुसरी लेव्हल घेतली असती." ताईचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "तुम्ही उशिरा येता, मी बोलले नाही. तुमची कामं मी केली, तेव्हाही बोलले नाही. ती माझीच चूक झाली. आता बोलते. मी मॅडमना तुमचं नाव सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण उद्या सकाळी मला दुसरा माणूस लागणार आहे. आठ वाजता. येणार असाल तर हो म्हणा. येणार नसाल तर नाही म्हणा, मी दुसरं कोणीतरी बघते. झालंच समजा म्हणू नका."

"येतो," झालंचभाऊ म्हणाले.

सकाळी आठ वाजून दहा मिनिटं झाली. वाचनालयात मी खिडकीत पडून होते आणि दाराकडे डोळे लावून बसले होते. सव्वाआठला ते आले. धापा टाकत, न्याहारीही न करता, खांद्यावर पारदर्शक नळीचं वेटोळं घेऊन.

ही नळी म्हणजे माझी फार जुनी नातेवाईक. तिच्यात पाणी भरतात. एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने. कितीही लांब असोत, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. पण ते एकट्याचं काम नाही. एका टोकाच्या माणसाने सांगायचं, माझ्याकडचं पाणी खुणेवर थांबलं, आणि दुसऱ्याने त्याच्या शब्दावर भिंतीवर खूण करायची.

झालंचभाऊंनी आपलं टोक खुणेवर धरलं. ताई पार दुसऱ्या टोकाशी.

"थांबलं का?"

"झालंच स..." त्यांनी जीभ चावली. वाकून, डोळा अगदी नळीला लावून पाहिलं. पाणी अजून वरखाली होत होतं. "नाही ताई. हलतंय. जरा थांबा."

ताई थांबली. मीही थांबले.

"आता थांबलं. करा खूण."

असं त्यांनी सतरा वेळा केलं. प्रत्येक अँगल काढला, नवीन भोकं पाडली, जुनी बुजवली, फळ्या पुन्हा चढवल्या. ते टेबल खिडकीकडे तब्बल दोन बोटं उतरलेलं होतं. दुपारी मालकीणबाई आल्या. त्यांनी पेन्सिल ठेवली. पेन्सिल जागची हलली नाही. त्यांनी बोटाने हलकंच ढकलली, ती अर्धा वळसा घेऊन थांबली.

"छान," त्या म्हणाल्या. "पण लेव्हल कशी बिघडली, ते कळलं का?"

झालंचभाऊंनी भुसा लागलेले हात पँटला पुसले, दोनदा घसा साफ केला.

"माझ्या हातून पडली मॅडम. सोमवारी. मी सांगितलं नाही."

मालकीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. दोन मिनिटं बोलणी बसली, ताई म्हणाली होती तशीच. मग त्या ताईकडे वळल्या. "दवाखान्याची कपाटं सोमवारी बसवायची आहेत. तुम्ही जाताय ना?"

ताईने मान डोलावली.

झालंचभाऊ सुधारले, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. दहाचे ते साडेनऊवर आलेत. फळ्या अजूनही कधी कधी राहतात. पण आता ते "राहिल्यात" असं सांगतात, आणि ताईही आता सगळं मुकाट्याने स्वतः करून टाकत नाही.

माझं म्हणाल, तर काकांनी नळी पुन्हा बसवून पाहिली, पण तडकलेला लेप धरेना. ताईने माझ्या अंगावर चिठ्ठी चिकटवली, 'खोटी आहे, वापरू नये'. पहिले काही दिवस मला ती फार लागली. आता वाटतं, माझ्यावर लिहिलेली ही एकच गोष्ट तरी खरी आहे. त्या कारागिराने श्वास का रोखला होता, तेही आता मला कळलं.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी निराळंच सांगते. वस्तू पडतात. हात माणसाचे असतात, निसटतात. पडलेली वस्तू गुपचूप जागेवर ठेवू नका. तिच्यावर भरवसा ठेवून कामाला लागणारं कोणीतरी उद्या सकाळी येणार असतं, त्याला सांगून ठेवा. त्या सोमवारी मला वाचा असती, तर मीच ताईला सांगितलं असतं. मला वाचा नव्हती. झालंचभाऊंना होती.