मधलं हाड

धुणं

तळघरात धुण्याची दोन यंत्रं होती आणि त्यांतलं एक कायम रुसलेलं असायचं. न्याबोथ चालत्या यंत्रात नवऱ्याच्या विजारी कोंबत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी त्या रुसलेल्या यंत्राला न्युएर भाषेतली, तिच्या गावाकडची अस्सल शिवी हासडली. नेब्रास्कात आल्यापासून अशी खणखणीत शिवी तिनं परक्या तोंडून ऐकली नव्हती. तिला भरूनच आलं.

"अगं बाई! आमच्यातली की काय तू?"

"मग काय चिनी दिसते?" ती बाई हसली. उंच, सडपातळ, पोट नुकतं दिसायला लागलेलं. "रेबेका. परवाच आलो. शेवटून दुसरं दार."

"शेवटचं माझं! म्हणजे भिंतीला भिंत."

न्याबोथनं आपले कपडे बाहेर काढून यंत्र तिला दिलं. रेबेकाची मोठी चादर धुऊन निघाली तेव्हा दोघींनी दोन टोकं धरली, पिळली, झटकली. आणि रिवाजाप्रमाणे बापांची नावं सुरू झाली.

"कुणाची गं तू?"

"गाचची. गाच पुओटचा, पुओट दोबुओलचा."

"सोबात नदीकाठची?"

"मासे धरायचा डोह आहे ना, त्याच्या वरच्या अंगाची."

चादर निम्मी झाली होती. टोकाला टोक जुळवायला दोघी जवळ आल्या होत्या.

"भाऊ किती तुला?"

"एकच उरला. चुओल."

न्याबोथनं चादर सोडली.

"काय झालं? उंदीर?" रेबेका अजून हसतच होती.

"मी बिएलची बहीण."

रेबेकानं चादर फरशीवरून ओढत गोळा केली आणि कपडे यंत्रात तसेच टाकून जिना चढून गेली. न्याबोथ तिच्या मागोमाग गेली ती फक्त पहिल्या पायरीपर्यंत. तिथे थुंकली आणि परत आली.

हाड

चुओलनं बिएलला मासे मारायच्या भाल्यानं मारलं. डोह आटत आला होता, मासा एक होता, भाले दोन लागले होते. मासा कुणाचा यावरून झालं. बस, एवढंच.

मग जाणती माणसं बसली. गाई ठरल्या. त्या गाई आल्या असत्या तर बिएलच्या नावानं बायको केली असती, तिची पोरं बिएलची म्हणवली असती आणि दोन घरांच्या मधलं हाड निघालं असतं. गाई यायच्या आधी फौज आली. गुरं गेली, ठरवणारे गेले, डोहही कुणाचा राहिला नाही.

हाड राहिलं. आणि हाड आहे तोवर त्या घरचं नि या घरचं भांडं एक होत नाही. एका भांड्यातलं खाल्लं-प्यालं की माणूस मरतं. कोणत्या घरचं मरतं, ते सांगता येत नाही.

त्यानंतर लढाईत इतके मेले, त्यांची हाडं कुणाच्याच मधे पडली नाहीत. कुणी मारलं हेच ठाऊक नाही, तर वैर कुणाशी धरणार? बिएलचं तसं नाही.

न्याबोथ गावाबाहेरच्या मांसाच्या कारखान्यात सुरी चालवते. क्वेथचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, खांदा याच कारखान्यानं खाल्ला. आता घर तिच्या एकटीच्या हातावर आहे. सकाळपासून तिच्या समोरून बैल टांगलेले येत राहतात. कातडं उतरलेले, रंग कळत नाही, कुणी नाव ठेवलेलं नाही. इतके बैल, आणि त्या हाडाच्या कामाचा एकही नाही.

चर्चची डोना काय म्हणाली

"हाय, हनी! कळलं का? तुमच्याच भाषेची बाई शेजारी दिली मी तुला! मुद्दाम! मी त्या ऑफिसला म्हटलं, या दोघींना जवळजवळच ठेवा, एकटं वाटायला नको. हे घे, पास्ता. एकच मोठं भांडं केलं, अर्धा तिच्याकडे दिला, अर्धा तुला. हो, याच भांड्यातून. तिनं चाखलासुद्धा, तिथंच उभ्या उभ्या, चमच्यानं. फार आवडला. तू काय करतेस? हनी? अगं, ते काचेचं आहे! ते माझ्या आईचं—"

भिंतीतून

"ए बिएलच्या बहिणी! भांडी फोडायचा आवाज कसला? नवऱ्यानं मारलं की काय?"

"तुझं उष्टं माझ्या दारात पाठवतेस? मारायला निघालीस मला?"

"मी पाठवलं? त्या गोरीनं पाठवलं! मला ठाऊक असतं तर मी चमच्याला शिवले असते का? माझ्या पोटात पोर आहे, सटवे!"

"मग जा ना दुसऱ्या गावाला!"

"तू जा! तुझ्या बापाचं आहे गाव?"

"मी आधी आले!"

"मासाही आधी तुमचाच होता म्हणे!"

न्याबोथनं भिंतीवर लाटणं फेकलं. तिकडून काहीतरी जड आदळलं. वरच्या मजल्यावरच्या माणसानं पाय आपटले.

क्वेथ सोफ्यावर खांद्याला बर्फ लावून पडला होता. "डे मॉइनला माझा चुलतभाऊ आहे," तो म्हणाला. "तो म्हणतो, या."

"जाऊ दे ना तिलाच. मी का जाऊ?"

आठ वर्षांच्या आपल्या मुलीला, मार्थाला, तिनं समोर उभं केलं. "शाळेत त्या शेजारणीच्या पोरीच्या ताटाला हात लावायचा नाही. कळलं?"

"आई, शाळेत सगळ्यांना एकसारखेच ट्रे मिळतात. धुऊन पुन्हा तेच देतात."

न्याबोथनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवसापासून मार्था घरून डबा न्यायला लागली. आणि आठवड्याभरात कळलं, की शेजारची पोरगीही घरूनच डबा नेते.

त्याच कारखान्यात

रेबेकाही लागली. दुसरं काम या गावात होतं कुठे? न्याबोथ रांगेच्या वरच्या टोकाला, रेबेका खालच्या. एक कापते ते दुसरीपुढे जातं. पण ते कुणी खात नाही, तेव्हा चालतं. जेवायच्या सुट्टीत एक खोलीत, तर दुसरी बाहेर कुंपणापाशी. मुकादम गॅरीला वाटायचं, दोघी लाजाळू आहेत.

मैदान

ऑगस्टमधला शुक्रवार. पाळी सुटली होती. गाड्या लावायच्या मैदानावरचं डांबर बुटाला चिकटत होतं आणि घरी नेणारी व्हॅन आली नव्हती. कारखान्याचं दार आतून बंद झालं की पुन्हा उघडायला कुणाला तरी बोलवावं लागतं.

रेबेका खांबाला टेकून उभी होती. मग खांब तिथेच राहिला आणि ती खाली गेली, हळूहळू, कपडा दोरीवरून घसरतो तशी.

बायका धावल्या. त्यांच्याच रांगेतल्या ग्रासिएलानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. "पाणी! कुणाकडे पाणी आहे?"

पाणी एकीपाशीच होतं. न्याबोथच्या हातात घरून आणलेली स्टीलची बाटली होती, अर्ध्याहून जास्त भरलेली. सकाळपासून तिनं तोंड लावलेली.

"दे ना!" ग्रासिएला ओरडली. "बघतेस काय? पोटुशी आहे ती!"

न्याबोथ हलली नाही. रेबेकाचे डोळे किलकिले झाले. ते आधी बाटलीवर गेले, मग बाटली धरलेल्या हातावर. तिनं ओठ आवळले. थेंबही आत जाणार नाही इतके. पण ते एकट्या न्याबोथलाच दिसलं, कारण बाकी सगळे न्याबोथकडे बघत होते.

गॅरी आपल्या गाडीतून उतरून पळत आला. "आण इकडे," म्हणत त्यानं बाटलीला हात घातला. ती सोडेना. तो ओढायला लागला. थोराड माणूस, बाटली आता जाणार हे तिला कळलं. तेव्हा तिनं झाकण फिरवलं आणि पाणी ओतलं. डांबरावर. सगळं. बाटली उलटी धरून शेवटचा थेंब गळेपर्यंत.

डांबरावरून वाफ निघाली.

मग ग्रासिएलानं स्पॅनिशमधून जे काय म्हटलं, त्याचा अर्थ विचारायची गरज नव्हती.

गॅरीनं कुणाला तरी फोन करून दार उघडवलं, पाणी आणलं, रेबेका उठून बसली. तोवर व्हॅन आली होती. न्याबोथला कुणी जागा दिली नाही. ती महामार्गाच्या कडेनं चालत घरी गेली.

तिनं दिलेलं स्पष्टीकरण, तिच्या इंग्रजीत, सगळंच्या सगळं

"तिचा भाऊ. माझा भाऊ. भाला. मेला. ती पिणार नाही. मी देणार नाही."

त्याचा झालेला अर्थ

"म्हणजे भावाचा सूड," गॅरी कचेरीतल्या बाईला म्हणाला. "आणि हिच्या हातात आपण रोज सुरी देतो."

सोमवारी तिला कामावर घेतलं नाही. बुधवारी बोलावलं होतं. रेबेकाला विचारणार, मग ठरवणार.

क्वेथ

"जा तिच्याकडे," क्वेथ म्हणाला. "सांग, काय खरं ते बोल म्हणावं."

"तिच्या दारात? मी?"

"भिंतीतून सांग मग."

"मी तिच्यापुढे तोंड वेंगाडणार नाही."

"न्याबोथ, काम गेलं तर खायचं काय? माझा हात वर होत नाही. घरमालक थांबायचा नाही. डे मॉइनला तरी जाऊ."

"तिथे कोण आहे आपलं?"

"चुलतभाऊ म्हणतोय ना!"

"इथून मला हाकलून ती इथे राहणार? बिएलला त्यांनी डोहातून हाकललं, आता मला?" ती बोलायची थांबली. पलीकडे सगळं चिडीचूप होतं. पलीकडे कुणीतरी ऐकत होतं. न्याबोथनं आवाज चढवला. "ऐक गं, ऐक! सांग त्यांना काय सांगायचं ते! लाव तुझ्या भावासारखाच भाला!"

उत्तर आलं नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

बुधवार

टेबलावर फोन ठेवला होता. फोनमध्ये ओमाहाचा दुभाष्या, पाल नावाचा माणूस. एका बाजूला गॅरी आणि कचेरीतली बाई. समोर रेबेका. दाराशी न्याबोथ, उभी. तिला बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

कचेरीतली बाई: "विचारा, तिनं पाणी मागितलं होतं का?"

पाल: "बाई, आधी सांग, कुणाची तू?"

रेबेका: "गाचची. आणि दाराशी उभी आहे ती दुओपची, बिएलची बहीण."

पाल (खाकरून): "डोहाचे का? अरे देवा."

गॅरी: "काय म्हणतोय तो?"

पाल: "काही नाही, सर. नमस्कार-चमत्कार."

कचेरीतली बाई: "त्या बाईनं मुद्दाम पाणी ओतून टाकलं का?"

रेबेकानं मान वळवून न्याबोथकडे पाहिलं. न्याबोथनं हनुवटी वर केली. मैदानावर रेबेकानं जसे ओठ आवळले होते तसे आता तिचे आवळलेले होते. एक 'हो' पुरे होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती.

"हो," रेबेका म्हणाली. "मुद्दाम ओतलं."

पालनं ते सांगितलं. गॅरी खुर्चीत मागे रेलला.

"माझं संपलं नाही," रेबेका म्हणाली. "यांना सांग, ही माझी वैरीण आहे. साधीसुधी नाही, बापांपासूनची. सांग, तिनं ते पाणी मला दिलं असतं, तर आज मी इथे तक्रार करायला आले असते. वैऱ्याला भांडं देणं म्हणजे मारणं. तिनं मला मारलं नाही. हा मुकादम मारायला निघाला होता. तिनं त्याच्या हातात काही ठेवलं नाही. तिनं बरोबर केलं. असंच्या असं सांग, पाल. गोड करून सांगू नकोस."

पालनं असंच्या असं सांगितलं. त्याला वेळ लागला.

गॅरीनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "म्हणजे... तक्रार माझ्यावर आहे?"

"तुझ्यावरही आहे," रेबेका म्हणाली. पालनं हेही सांगून टाकलं.

पेले

कचेरीतली बाई शहाणी होती. तिला हे प्रकरण जेवायच्या आत मिटवायचं होतं. ठीक आहे, न्याबोथ कामावर येऊ दे. पण सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा सगळ्यांसमोर मिटलंही पाहिजे. जेवणघरात या, दोघी हात मिळवा, एकेक पेला पाणी प्या.

हाताला दोघी तयार होत्या. हाताला काही चिकटत नाही. पण पाणी!

"कागदी पेले आहेत," न्याबोथ न्युएरमध्ये म्हणाली. समोर बघूनच. "वेगवेगळे."

"पिंप एकच आहे," रेबेका म्हणाली.

"पिंपाला तोंड कोण लावतं?"

"भांडं ते भांडंच. तुझ्या घरी शिकवलं नाही वाटतं?"

"माझ्या घरी? माझ्या घरी काय शिकवलं ते तुझ्या भावाला विचार!"

"त्याला तू विचार. तो जिवंत आहे."

न्याबोथ एक पाऊल पुढे आली. गॅरी मधे आला. सगळं जेवणघर घास हातात धरून बघत होतं.

"मी नळाचं घेते," न्याबोथ दातांतून म्हणाली. "हात धुवायच्या नळाचं. तू पिंपाचं घे."

"आणि एका छपराखाली प्यायचं? मी बाहेर जाऊन पिणार."

"उन्हात जा आणि पुन्हा पड. मी पाणी द्यायची नाही."

"मागतंय कोण?"

रेबेकानं पिंपातून पेला भरला आणि बाहेर गेली. गॅरी दार धरून उभा राहिला, दोघी दिसाव्यात म्हणून. आत न्याबोथ नळाशी, पाठ करून. बाहेर रेबेका कुंपणाशी, पाठ करून. दोघींनी एकदमच मान वर केली आणि पेला रिकामा केला.

गॅरीनं टाळ्या वाजवल्या. मग आणखी दोघातिघांनी वाजवल्या. ग्रासिएलानं वाजवल्या नाहीत. ती कुणाकडे बघून 'नाही' अशी मान हलवत होती, ते कळलं नाही.

रेबेका आत आली. न्याबोथच्या बाजूनं जाताना थांबली.

"तुझ्यासाठी बोलले नाही मी. एवढ्यानं एकही गाय कमी होत नाही, हे मला ठाऊक आहे."

"होत नाहीच."

"चुओलला मी कळवते. देईल तेव्हा देईल."

"तोवर भिंतीवर काही आपटू नकोस. माझ्या नवऱ्याला झोप लागत नाही."

"तुझा नवरा घोरतो," रेबेका म्हणाली. "माझी पोरगी घाबरून उठते. त्याला आधी दुसऱ्या खोलीत निजव."

"दुसरी खोली आहे कुठे?"

"मग उशी ठेव त्याच्या तोंडावर."

भोंगा वाजला. दोघींनी आपापल्या सुऱ्या घेतल्या. एक रांगेच्या वरच्या टोकाला गेली, एक खालच्या.