मिठाची पुरचुंडी

आज दवाखान्यात प्रभाताईंना पदरात एकच गोष्ट पाडून घ्यायची होती: लेकीचं, देवयानीचं दुखणं आपल्या सासरच्या रक्तातून आलंय, हा डॉक्टरीणबाईंच्या तोंडचा निकाल. लग्नापासून घरात काहीही बिघडलं की बोट त्यांच्या माहेराकडे जायचं. आज ते बोट फिरणार होतं. साक्षीला नणंद हवी, म्हणून सोनाबाईंना सांगोल्याहून मुद्दाम बोलावलं होतं. एरवी डोहाळजेवणाला त्यांना टाळणाऱ्या प्रभाताईंनी आज रिक्षात त्यांना वाऱ्याची जागा दिली.

बाकावर मात्र प्रभाताईंना बसवेना. उठत होत्या, दारातून डोकावत होत्या. देवयानी पोट दाबून वाकली होती.

"सरळ बस गं. लोक बघतायत."

"दुखतंय, आई."

"पाळीत सगळ्यांनाच दुखतं. तुझं जरा नाटकच जास्त."

"वयनी, मला बी समदी असंच म्हणायची," सोनाबाई म्हणाल्या.

आत डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी पाहिली. "एंडोमेट्रिओसिस वाटतोय. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो, गाठी होतात. घरात कुणाला असा त्रास?"

"ह्यांना!" प्रभाताईंनी नणंदेला पुढं केलं.

"व्हय की. लई दुखायचं. पोर बी झालं न्हाय. नवऱ्यानं आणून सोडलं."

"म्हणजे वडिलांकडूनच आलं ना?"

"वडिलांकडून येतं, तसं आईकडूनही. एकच एक दोष नसतो. जनुकांतले कितीतरी बारीक फरक मिळून धोका वाढवतात. म्हणून होतंच असंही नाही. तुम्हाला व्हायचा त्रास?"

"छे!" प्रभाताई म्हणाल्या. "मला नुसतं पित्त."

देवयानीनं मान वर केली. "दर महिन्याला? तव्यावर मीठ तापवून, फडक्यात बांधून ओटीपोटाला धरायचीस, ते पित्तासाठी?"

प्रभाताईंनी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. डाव हातात आला होता; कबूल केलं तर बोट पुन्हा माहेराकडेच वळणार होतं. पण पोर नजर हटवत नव्हती. औषधाच्या आधी तिला आईच्या तोंडून हे दुखणं खरं असतं, एवढंच ऐकायचं होतं.

"दुखायचं," त्या अखेर म्हणाल्या. "कपाटाचं दार धरून उभी राहायचे. तू नाटक नव्हतीस करत."

घरी आल्या आल्या त्यांनी तवा चढवला. एक पुरचुंडी देवयानीला दिली, दुसरी नणंदेपुढं धरली.

"मला आता कशाला? माजी पाळी कवाच गेली."

"असू दे, वन्सं. धरा."

निकाल कुणाच्याच बाजूनं लागला नव्हता. सोनाबाईंचा संसार गेला होता, देवयानीची कॉलेजची वर्षं. प्रभाताईंचं काय गेलं ते कुणी विचारलं नाही. त्या तव्यावरचं मीठ हलवत उभ्याच होत्या.