औषधाचा दिवस

सत्यवतीला महिन्यातून एकदाच खरी झोप लागायची, आणि तीही अकोल्याला, दवाखान्यातल्या खुर्चीत.

संधिवातानं तिच्या हातांची बोटं आखडली होती. हिवरखेडला त्यांचा फुलांचा मळा. पहाटे उठून शेवंती तोडायची, मग हार गुंफायचे, मग घरातलं. सुई-दोरा धरवेना तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी सलाईनमधून द्यायचं एक औषध सुरू केलं आणि बोटं पुन्हा चालू लागली. दर महिन्याला औषधाच्या दिवशी ती आणि तिचा नवरा गोवर्धन सकाळच्या एसटीनं निघायचे. तो फुलं घेऊन बाजारात जायचा, ती दवाखान्यात. सिस्टर आधी एक गोळी द्यायची आणि त्या गोळीनं डोळ्यांवर झापड यायची. मग औषध थेंबाथेंबानं उतरत राही आणि खिडकीबाहेरचा कडुनिंब हिरव्या पाण्यासारखा हलू लागे.

त्या पाण्यातून ती कुठं कुठं जाऊन यायची. कधी निशिगंधाच्या वाफ्यातून चालत असायची. वाफ्याला बांध नसे, फुलं गुडघ्यांना लागत आणि ती कोणालाच तोडायची नसत. कधी तिची माय पार्बताबाई, जाऊन किती वर्षं झाली तरी, वान नदीच्या वाळूत पाय पसरून बसलेली दिसे आणि "ये, टेक डोकं," एवढंच म्हणे. कधी बोटं लांब, मऊ झालेली असत आणि त्यांच्यातून वारा जाई. सिस्टरनं दंडाला हात लावला की ती परत येई. एसटीत गोवर्धन विचारी, "झोपली होती का?" ती "हाव" म्हणे. पुढचं कधी सांगत नसे.

त्यांची लेक प्रतीक्षा अमरावतीला फार्मसी कॉलेजात संशोधन करायची, राजापेठेत खोली घेऊन राहायची. दसऱ्याला घरी आली तेव्हा फुलं निवडता निवडता ती आईला आपलं काम सांगू लागली.

"सलाईनमधी औषध पातळ करून देतात, म्हणून इतका वेळ लागते. आमी तसल्याच औषधाले घट्ट करून एका छोट्या सुईत बसवून पाहून राहिलो. पोटाच्या कातडीखाली टोचलं की झालं."

"मग अडते कुठं?"

"घट्ट केलं की ते मधावानी होते. बारीक सुईतून उतरतच नाही. जाड सुई घेतली तं दुखते." प्रतीक्षानं पुढचं फूल उचललं. "कौंडण्यपूरच्या जत्रेत देवळाच्या दारात आपण अडकलो होतो, आठवते? सगळ्यायनं एकमेकायचे हात धरले होते. कोणालेच सरकता येत नव्हतं. औषधाचे कण तसेच एकमेकाले धरून बसतात. मी त्यात दुसरं एक साधं द्रव्य टाकते. ते हात सोडवते. मग गर्दी तेवढीच राहते, पण दारातून सरकते."

सत्यवतीला ती गर्दी डोळ्यांसमोर दिसली. हात सुटलेली माणसं एकामागून एक, आवाज न करता आत चालली होती. लेकीचं तिला कौतुक वाटलं.

"तुह्या औषधाची अशी सुई कंपनीनं आणली आहे," प्रतीक्षा म्हणाली. "डॉक्टरले विचार. मग तुले दर महिन्याले अकोल्याले जा लागणार नाही."

सत्यवतीच्या हातातली शेवंती परडीबाहेर पडली. ती खाली वाकली आणि उगाच थोडा वेळ वाकूनच राहिली.

डॉक्टर लगेच हो म्हणाले. गोवर्धनला तर फार बरं वाटलं, तिची खेप वाचली. पहिली सुई द्यायला प्रतीक्षा मुद्दाम आली. फ्रीजमधून काढून तिनं ती ओट्यावर ठेवली. थंड असली की औषध आणखी घट्ट राहतं, म्हणाली. मग आईच्या पोटाची चिमूट धरून टोचली आणि अंगठ्यानं हळूहळू दाबत राहिली. औषध संथ आत गेलं. जरा चुरचुरलं, बस.

"झालं?" सत्यवतीनं विचारलं.

"झालं."

ती पलंगावर तशीच पडून राहिली. डोळे मिटले. आता गोळी नव्हती, झापडही नव्हती. बाहेर कोणीतरी हारांसाठी हाक मारली. गॅसवरचा चहा उकळायच्या आत ती उठली आणि कामाला लागली.

बोटं सलाईनच्या वेळेसारखीच चालत राहिली, औषध लागू पडत होतं. पण तिचं चित्त लागेना. रात्री पाठ टेकली की सकाळच व्हायची, मधे काही दिसायचंच नाही. गोवर्धन काही बोलला की तिला राग येई. पुढच्या सुईलाही प्रतीक्षा आली. तिनं पोटाला कापूस लावला आणि आईचे डोळे भरून आले.

"दुखून राहिलं का?"

"नाई."

"मग काहून रडून राहिली?"

सत्यवतीनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "तथी, दवाखान्यात, मले झोप लागे. माय दिसे. तेवढा वेळ मले कोणी हाक मारत नसे. तुमी तं चांगलंच केलं, पोरी. पण तो वेळ माझा होता."

प्रतीक्षानं कापूस खाली ठेवला. रोग्याचा वेळ वाचतो, असं तिनं कितीदा लिहिलं होतं, सांगितलं होतं. त्या वाचलेल्या वेळाचं पुढं काय होतं, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. दारात गोवर्धन उभा होता, त्यानंही ऐकलं. तो बाहेर गेला. थोड्या वेळानं हार न्यायला आलेल्या कोणालातरी सांगतानाचा त्याचा आवाज अंगणातून आला, "आज तिच्या औषधाचा दिवस आहे. हार संध्याकाळी भेटतीन."

मळ्याच्या कडेला लिंबोणीखाली त्यानं खाट टाकली. सत्यवतीला आधी लाज वाटली. भर दिवसा, सगळ्यांसमोर. मग ती जाऊन आडवी झाली.

"सरक जराशी," म्हणत प्रतीक्षा तिच्या शेजारी पडली. आदल्या दिवशी उशिरापर्यंत ती प्रयोगशाळेतच होती. दोघी लिंबोणीच्या पानांकडे बघत राहिल्या.

"आई, तुही माय काय म्हणे स्वप्नात?"

"डोकं टेक म्हणे."

प्रतीक्षानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बघता बघता तिचा श्वास जड झाला. सत्यवती मात्र जागीच होती. झोप आली नाही, येईल असंही तिला वाटलं नाही. लांब सातपुडा उन्हात विरघळल्यासारखा निळा दिसत होता, आणि शेवंतीच्या पिवळ्या रांगांवरून पांढरी फुलपाखरं कुठल्याच घाईत नसल्यासारखी चालली होती. तिनं पदर सोडवून लेकीच्या तोंडावरचं ऊन झाकलं आणि तशीच पडून राहिली.