सात नंबर, रुंद

राजश्री शिवलकरची टाच दुखायला लागली ती गणपती गेल्यावर. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ यायची. दहा-बारा पावलं लंगडत चाललं की जरा सुसह्य व्हायचं. महिनाभर तिने तेल चोळलं, मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवले आणि कोणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी कोणाला? नवरा विनोद मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत मोटरमन, वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर. मुलगी आरोही बंगळूरला नोकरीला. नाचणे रोडवरच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राजश्री एकटीच असायची.

तिचं काम पायांचंच होतं. एका लॅबसाठी ती घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. सकाळी साडेसहापासून उपाशीपोटी वाट बघणारी म्हातारी माणसं असायची, त्यामुळे उशीर करून चालत नसे. रिक्षा वळणापर्यंत सोडायची, पुढे पाय होते. रत्नागिरीत एकही घर रस्त्याच्या पातळीवर नाही, अशी इतक्या वर्षांत तिची खात्री झाली होती. घर एक तर चढून वर, नाही तर जांभ्याच्या पायऱ्या उतरून खाली. आणि प्रत्येक दारात चपला काढायच्या, परत घालायच्या.

डॉक्टरांनी टाच दाबून बघितली आणि मग दाराबाहेर काढलेल्या तिच्या रबरी स्लीपरकडे बघितलं.

"ह्या घालून तुम्ही गावभर फिरता?"

"काढायला-घालायला सोप्या पडतात."

"टाकून द्या. मऊ तळव्याचं काहीतरी घ्या, मागून बंद. टाचेला आधार पाहिजे."

त्या संध्याकाळी ती राम आळीत गेली. पहिल्या दुकानातल्या विक्रेत्याने टाच दुखते एवढं ऐकलं आणि वरच्या फळीवरचा खोका काढला. काळं जाड सँडल, वर चिकटणारे दोन पट्टे. तिने घातलं. दुकानात जमिनीलगत एक छोटा आरसा होता. त्यात गुडघ्यापासून खालचंच काय ते दिसत होतं, आणि ते पाय तिला सासूबाईंचे वाटले.

"जरा बरं दिसणारं नाही का?"

त्याने खड्यांचे, उंच टाचेचे काढले. "फंक्शनसाठी का?"

"नाही हो, रोजच्यासाठी."

"रोजच्यासाठी मग ते काळेच घ्या ना, मॅडम. तुमच्या वयाच्या सगळ्या तेच नेतात."

राजश्री एकोणपन्नास वर्षांची होती. ती बाहेर पडली. दुसऱ्या दुकानात रंग बरे होते, पण तिथे तिने सवयीने "पाच नाही तर सहा दाखवा" म्हटलं. सहामध्ये बोटं एकमेकांवर चढली. तिने दोन फोटो काढून आरोहीला पाठवले. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं: "आई, ऑनलाइन बघ ना. कामात आहे, नंतर बोलते." ऑनलाइनही मागवून झालं. वांगी रंगाचा, दिसायला फार गोड जोड आला, पण तोही सहा नंबरचा. तो घालून ती तासभर पलंगावर बसून राहिली, उठली मात्र नाही. तिसऱ्या दिवशी तो परत गेला.

पाच हा नंबर लग्नातला होता. लग्नाच्या खरेदीत विनोदने स्वतः दुकानदाराला सांगितलं होतं, "हिचा पाय बघा केवढासा, पाच नंबर." तो त्याला कायमचा पाठ झाला. पुढे आरोहीच्या वेळी पाय सुजले आणि सूज उतरली तरी पाय काही मूळ मापावर आले नाहीत. तेव्हा विनोद बोटीवर होता. तो आला तेव्हा आरोही पाच महिन्यांची झाली होती आणि त्याच्या बॅगेत अँटवर्पहून घेतलेले लाल बूट होते, पाच नंबरचे. इतक्या हौसेने त्याने खोका उघडला की राजश्रीने खाटेवर बसून पाय त्यात कसेबसे कोंबले आणि म्हणाली, "छान आहेत." त्यानंतर दर खेपेला एक जोड येत गेला. ती बसून घालायची, छान म्हणायची आणि कपाटात ठेवायची. स्वतःसाठी मात्र तिने नेहमी मागून उघड्या स्लीपर घेतल्या. त्यात टाच बाहेर राहिली तरी चालत असे.

झाडगावच्या गोदूबाईंकडे ती दर पंधरवड्याला जायची. ऐंशीच्या पुढची बाई, साखरेने जर्जर झालेली, वर्षभर पलंगावर. सुई टोचत असताना गोदूबाई छताकडे बघायच्या आणि गप्पा मारायच्या.

"काय गो बाय, पायरीवर पाय ओढीत आलीस ती? मला ऐकू येता हो सगळं."

"टाच धरलीय, आजी."

"चपला बघू तुझ्या."

"अहो, चपला कसल्या बघताय?"

"आण गो. घरात आणलीस म्हणून काय देव बाटत नाय."

राजश्रीने स्लीपर आणून दाखवली. गोदूबाईंनी ती बोटाने दाबली. "ही काय चपल म्हणायची? राम आळीच्या शेवटाला रावजीचं दुकान आहे, दोन पायऱ्या उतरून. त्याच्याकडे जा. बोलतो कमी, पण पाय बघून देतो. माझ्या लेकींच्या चपला तिथल्याच." मग चादरीखालच्या स्वतःच्या पायांकडे बघून त्या म्हणाल्या, "मला आता चपलेची गरज नाय. तू तरी बरीशी घाल. आणि रंगाची घाल हो. काळी नको आणू."

शनिवारी दुपारी राजश्री गेली. दुकान अरुंद होतं, कातड्याचा आणि खळीचा वास येत होता. सत्तरीतले रावजी बुटक्या स्टुलावर बसले होते. तिने "सहा नंबर" म्हणताच त्यांनी लाकडी माप पुढे सरकवलं.

"पाय ठेवा."

"मी सांगते ना, सहा…"

"ठेवा."

तिने पाय ठेवला. रावजींनी एका हाताने टाच मापाच्या कडेला नीट टेकवली आणि दुसऱ्या हाताने अंगठा सरळ केला. तिने चटकन पाय मागे घेतला.

"अहो, नको. तुम्ही वडीलधारे."

"पायाला हात न लावता चपला विकायची पद्धत हल्लीची," ते म्हणाले. "आमची नाही. ठेवा."

तिने परत पाय ठेवला. त्यांचा हात कोरडा होता, गरम होता. पावलाच्या सगळ्यात रुंद जागी त्यांनी दोरी गुंडाळली, बघितली, मग दुसरा पाय घेतला. राजश्री समोरच्या खोक्यांवरची नावं वाचत राहिली. दिवसभरात ती दहा-बारा माणसांचे हात हातात घ्यायची, शीर शोधायची, दंड बांधायची. आपल्याला कोणी शेवटचं कधी असं धरलं होतं, ते तिला आठवेना. विनोद जाऊन सात महिने झाले होते. डोळे भरून आले तेव्हा तिने पर्समधला रुमाल शोधायचं निमित्त केलं.

"सात," रावजी म्हणाले. "आणि रुंद. सहा कोणी सांगितला तुम्हाला?"

"कोणी नाही. पूर्वी पाच होता."

"पूर्वी सगळ्यांचाच होता." ते उठले आणि आतल्या खोलीतून एक धुळकट खोका घेऊन आले. "हा दोन वर्षं पडलाय. सात नंबरच्या बायका येतात, सहा मागतात आणि सहाच नेतात."

आत मऊ कातड्याचे, मागून बंद, पट्टा-बकल काही नसलेले बूट होते. रंग वाळलेल्या कोकमाचा. पुढच्या बाजूला बारीक नक्षी कोरलेली, तळवा जाड असूनही कडेने कापून असा बसवलेला की जाडी दिसत नव्हती. पाय सहज आत गेला. राजश्री उभी राहिली आणि टाचेत येणाऱ्या कळेची वाट बघत राहिली. कळ आली, पण कोणीतरी मध्ये हात घातल्यासारखी मऊ होऊन आली.

"चाला," रावजी म्हणाले. "दुकानात नको. रस्त्यावर जाऊन या."

ती कोपऱ्यावरच्या पानाच्या गादीपर्यंत गेली आणि परत आली. काचेच्या दारात तिला स्वतःची सगळी आकृती दिसली, साडीच्या निऱ्यांखाली तो कोकमी रंग पुढे-मागे होताना. तिने जुन्या स्लीपर तिथेच सोडल्या.

रविवारी दुपारी विनोदचा फोन आला. जहाज सिंगापूरला लागलं होतं. त्याच्यामागे क्रेनची घरघर ऐकू येत होती.

"अगं, तुझ्यासाठी एक जोड घेतलाय. निळा. बघितल्याबरोबर वाटलं, हा राजश्रीचाच."

"किती नंबर?"

"पाच. अजून काय?"

एरवी ती छान म्हणाली असती. आज पायात नवे बूट होते, घरातच घालून ती सकाळपासून फिरत होती.

"अहो, माझा पाय पाच नाही. सात आहे. रुंद सात."

तो हसला. "एकदम दोन नंबर? कधी वाढला?"

"आरोहीच्या वेळी."

क्रेन थांबली असावी, कारण अचानक सगळं शांत झालं.

"आरोही चोवीस वर्षांची आहे," विनोद म्हणाला.

"हो."

"मग ते लाल बूट? तू माझ्या भाचीच्या लग्नात घातले होतेस."

"फोड आले होते."

"बोलली का नाहीस कधी?"

राजश्रीने खरंच विचार केला. "तुम्ही यायचात अडीच महिने. त्यातले पहिले पंधरा दिवस परत ओळख होण्यात जायचे आणि शेवटचे पंधरा बॅगा भरण्यात. मधल्या दिवसांत चपलांवरून कशाला तुमचं मन मोडायचं?"

मागे कोणीतरी विनोदला हाक मारली. मग तो घाईने म्हणाला, "माप पाठव. कागदावर पाय ठेव आणि पेन्सिलने काढ. पाचला जहाज सुटतंय, त्याआधी पाठव. पुढच्या बंदरात बघतो."

तिने कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून जमिनीवर पसरलं. स्वतःच्या पायाची रेघ स्वतः काढणं वाटलं तेवढं सोपं नव्हतं. वाकलं की वजन सरकायचं, पेन्सिल तळव्याखाली घुसायची, रेघ वाकडी व्हायची. दोनदा खोडून तिसऱ्यांदा जमलं. मग दुसरा पाय. दोन्ही आकृत्या शेजारी बघितल्यावर डावा उजव्यापेक्षा अर्ध्या बोटाने मोठा निघाला. तिने खाली डावा, उजवा असं लिहिलं, फोटो काढला आणि पाठवला. तिच्या घड्याळात तीन वाजून गेले होते. सिंगापूरला साडेपाच वाजून गेले असतील, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. फोटोखाली एकच खूण उमटली आणि तशीच राहिली.

ऊन उतरल्यावर ती मांडवीच्या किनाऱ्यावर चालायला गेली. एरवी एवढं अंतर ती रिक्षाशिवाय गेली नसती. जेटीवर भेळेच्या गाड्या लागल्या होत्या, माणसं घोळक्याने फिरत होती. तिच्याजवळून जाणारी एक अनोळखी बाई थबकली.

"किती सुंदर रंग हो. कुठे मिळाले?"

राजश्रीने सांगितलं. दुकान सांगितलं, दोन पायऱ्या सांगितल्या, रावजी दोरीने माप कसं घेतात तेही सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले, सहा नंबर कसा चढत नव्हता… बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की बाईचं लक्ष पुढे गेलेल्या आपल्या माणसांकडे आहे.

"जाईन हं मी एकदा," बाई म्हणाली आणि घाईने निघून गेली. राजश्री टोकापर्यंत चालत गेली आणि अंधार पडायच्या आत परतली.

बुधवारी सकाळी गोदूबाईंकडे जाताना मोबाइल वाजला. विनोदचा निरोप होता: "माप मिळालं. तुझा डावा पाय मोठा आहे, हे मला माहीत नव्हतं."

ती रस्त्याच्या कडेला थांबली.

"मलाही नव्हतं," तिने लिहिलं, मोबाइल पर्समध्ये टाकला आणि पायऱ्या उतरू लागली.