सातवा दांडा

व्हर्लिन सोमवारी गेला. मंगळवारी सकाळी त्याच्या बायकोने, अर्डेलने, आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ओतली, लिंबाच्या वड्यांची ताटली पुढे सरकवली आणि म्हणाली, "झेंडा चालेल. बिगुल चालेल. बंदुका नकोत."

आमचा म्होरक्या ड्वेन गुडघ्यावर टोपी ठेवून बसला होता. ती त्याने उचलली, बघितली, परत ठेवली.

आमच्या गावात म्हातारा सैनिक गेला की माजी सैनिकांच्या हॉलमधली सात माणसं दफनभूमीत रांगेत उभी राहतात आणि आभाळाकडे तीन फैरी झाडतात. व्हर्लिन चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या खड्ड्याशी असा उभा राहिला. मिनेसोटातल्या हिवाळ्यात, उणे वीसमध्ये, कानटोपी न घालता. आता त्याची स्वतःची पाळी आली, आणि त्यालाच फैरी नाहीत.

"अर्डेल," ड्वेन म्हणाला, "त्याला त्या हव्या असत्या."

"मार्चमध्ये हार्लनला पुरलंत तेव्हा मी तिथेच होते, ड्वेन. त्या फैरी नव्हत्या. पॉपकॉर्न फुटत होते." तिने वडी माझ्याकडे सरकवली. "त्या दिवशी व्हर्लिन घरी आला तो थेट तळघरात गेला. जेवला नाही. ज्या गोष्टीची त्याला एवढी लाज वाटली, ती मी त्याच्याच डोक्यावर वाजवू देणार नाही. खा ना जॅनेल, तू काहीच घेतलं नाहीस."

मी वडी खाल्ली. तिचं म्हणणं खोडण्यासारखं नव्हतंच.

आमच्या बंदुका लष्कराने हॉलला वापरायला दिलेल्या एम-वन. आमच्यातल्या बहुतेकांपेक्षा वयाने मोठ्या. या बंदुकीची गंमत अशी की बार उडाला की दारूचा थोडा गॅस नळीच्या टोकाजवळच्या बारीक भोकातून खालच्या नळकांड्यात शिरतो आणि तिथल्या दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या एका लांब दांड्याच्या टोकाला असतो. दांडा मागे आला की बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते, पुढचं काडतूस आत सरकतं. माणसाने फक्त चाप ओढायचा. पण आम्ही झाडतो ती बिनगोळीची काडतुसं. नळीत अडायला गोळीच नाही, म्हणून गॅस समोरून पळून जातो. त्यासाठी नळीच्या तोंडाला एक बूच बसवावं लागतं. तरीही जेमतेमच जोर मिळतो. दांडा पुरता मागे आला नाही की पुंगळी अडकते, आणि मग हाताने ओढा.

हार्लनच्या वेळी चार जणांची अडकली. तिघांनी दुसरी फैर झाडली, चौघं ओढत बसले. आमच्यातल्या रॉलीची बोटं संधिवाताने आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झाली आहेत. त्याचा बार उडाला तेव्हा पाद्रीबुवांची प्रार्थना सुरू झाली होती.

बाहेर गाडीपाशी आल्यावर ड्वेन म्हणाला, "बरोबर बोलली ती."

"बरोबर बोलली म्हणूनच काहीतरी करायला हवं," मी म्हटलं. "शनिवार अजून लांब आहे."

"स्प्रिंगा व्हर्लिनने गेल्याच वर्षी बदलल्या. काडतुसं नवी आहेत. बुचं ठीक आहेत. आता तू काय करणार?"

"मोजणार."

मी ट्रॅक्टरच्या दुकानात सुट्या भागांच्या काउंटरवर असते. तिथे शेतकरी येतात आणि म्हणतात, ते गोल असतं ना, मागच्या बाजूचं, ते दे. त्याआधी चार वर्षं लष्करात होते, तिथेही कोठारातच. कुठला भाग कुणाला बसतो आणि कुठला बसल्यासारखा दाखवून दगा देतो, एवढं एकच मला आयुष्यात नीट कळलंय. नवऱ्याच्या बाबतीत नाही कळलं, पण तो वेगळा विषय आहे.

बुधवारी दुपारी हॉलच्या स्वयंपाकघरात, दर शुक्रवारी मासे तळतात त्या लांब टेबलावर, आम्ही सातही बंदुका उघडल्या. ड्वेन, रॉली, मी, आणि सल्ला द्यायला बाकीचे सगळे.

"माझ्या बंदुकीतला एकही तुकडा ड्वेनच्या बंदुकीत जाता कामा नये," रॉली म्हणाला. "पुन्हा बार चुकवेल तो, आणि तीही बदनाम होईल."

"तुझ्या बंदुकीत काय आहे जायला?" ड्वेन म्हणाला. "मार्चमध्ये तीच तर झोपली होती."

"झोपली नव्हती. विचार करत होती."

मी दांडे ओळीने मांडले. सातही दट्टे आरशासारखे लखलखत होते. रॉलीने एक उचलला, त्यात बघून डोक्यावरून हात फिरवला. डोक्यावर काही नाही, पण सवय. मी दुकानातून आणलेलं मायक्रोमीटर लावलं. पहिला दट्ट्या बारीक. दुसरा बारीक. तिसरा तर फारच. लष्कराच्या पुस्तकात जी कमीत कमी जाडी दिली आहे तिच्यापेक्षा पाच दट्टे केसभर कमी होते, आणि दोन जेमतेम तिच्यावर. केसभर म्हणजे डोळ्याला काहीच नाही. गॅसला तेवढी फट म्हणजे सताड उघडं दार.

"झिजलेत," मी म्हटलं. "गोळीबाराने एवढे झिजत नाहीत. घासलेत कुणीतरी."

कुणी, ते सगळ्यांना माहीत होतं. दर हिवाळ्यात व्हर्लिन हे दांडे दुधाच्या क्रेटमध्ये घालून घरी न्यायचा आणि वसंतात चकचकीत करून आणायचा. आम्ही म्हणायचो, वा व्हर्लिन. त्या पोलादावरची काजळी नुसती पुसायची असते. तो ते पोलादच पुसत होता, वर्षानुवर्षं, मायेने.

"हे अर्डेलला कळता कामा नये," ड्वेन म्हणाला.

"आधी काम करू," मी म्हटलं.

ही बंदूक बनवणाऱ्यांचा विचार असा होता की कुठल्याही कारखान्यातला कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीत बसावा. बसतोही. पण ऐंशी वर्षांत प्रत्येकीला आपापल्या खोडी लागलेल्या असतात. नळकांडीही सगळी सारखी राहिली नव्हती, काही सैल, काही घट्ट. मी ती मोजली, जाड दट्टे आणि घट्ट नळकांडी एकीकडे घेतली आणि जोड्या लावत गेले. जोडी जमली की स्प्रिंग काढून बंदूक कलती करायची. दांडा बोल्टसकट आपल्याच वजनाने, गुळगुळीत ड्रॉवरसारखा, मागे घसरत आला पाहिजे. कुठे अडखळला तर वाकडा दांडा लाकडाला घासतोय. मग दुसरा.

"माझा दांडा ड्वेनकडेच गेला शेवटी," रॉली म्हणाला.

"आणि माझा तुझ्याकडे. सांभाळून वाग त्याच्याशी."

संध्याकाळपर्यंत गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत जाऊन, झाडून बघून, सहा बंदुका चालायला लागल्या. सातवी राहिली, व्हर्लिनची स्वतःची. उरलेला दांडा सगळ्यात चकचकीत आणि सगळ्यात बारीक. कुठल्याही नळकांड्यात घातला तरी पुंगळी अर्ध्यावर अडकायची. नवा मागवला तर दोन आठवडे.

"सहाच जण उभे राहू," कुणीतरी म्हणालं. "लोक कुठे मोजतात."

"मी मोजतो," ड्वेन म्हणाला. त्याने ती सातवी बंदूक आपल्याकडे ओढली. "व्हर्लिनकडे घरी एक आहे. लष्कराने जुन्या विकायला काढल्या तेव्हा घेतलेली. हीच, एम-वन."

"तिचा दांडा तर त्याने टूथपिकएवढा केला असेल," रॉली म्हणाला.

"तिला हात लावताना मी त्याला कधी पाहिलं नाही."

म्हणजे जिने बंदुका नकोत म्हणून सांगितलं तिच्याकडेच बंदूक मागायला जायचं. ड्वेन म्हणाला, आठवण म्हणून हवी आहे असं सांगू. मी म्हटलं, आणि तिने विचारलं की आठवण म्हणून दांडाच का, तर? त्याने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. माझी गाडी बाहेरच उभी होती, पण बहुधा त्याला काहीतरी द्यावंसं वाटलं.

गुरुवारी अर्डेलच्या स्वयंपाकघरात शेजारणींनी आणून दिलेली भांडी रचलेली होती, झाकणांवर चिकटपट्टीने नावं. ती इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून व्हर्लिनचा पांढरा शर्ट इस्त्री करत होती.

"बस. बटाट्याचं घेऊन जाशील का थोडं? तीन भांडी आली आहेत, तिन्हींत मटार."

"अर्डेल, तुम्ही म्हणालात ते पॉपकॉर्न कशाने फुटत होते ते कळलं."

मी सगळं सांगितलं. गॅस, दट्ट्या, केसभर जाडी, दुधाचं क्रेट. तिने इस्त्री थांबवली नाही. कॉलरचं एक टोक झालं, मग दुसरं.

"कशाने घासायचा, माहीत आहे?" तिने विचारलं.

"पॉलिश पेपरने असेल."

"काळा, बारीक. दर नाताळात मीच त्याच्या भेटींच्या मोज्यात घालायचे. एक संत्रं, दाढीचा साबण आणि पॉलिश पेपरचं पाकीट. मला वाटायचं, पत्ते कुटण्यापेक्षा बरं." तिने इस्त्री उभी केली. मग ती हसायला लागली, अगदी हळू, आणि तिला भांडी पुसायचं फडकं घेऊन डोळे टिपावे लागले. "म्हणजे हार्लनचे पॉपकॉर्न आम्ही दोघांनी मिळून भाजले."

"दांडा मिळाला तर शनिवारी तसं होणार नाही."

"नक्की?"

"सहा बंदुका चालतात. सातवीचं मी दांडा मोजल्याशिवाय सांगणार नाही."

हे तिला पटलं असावं. नक्की म्हटलं असतं तर तिने मला बटाट्याचं भांडं देऊन वाटेला लावलं असतं.

बंदूक तळघरात भट्टीच्या मागे, जुन्या चादरीत गुंडाळलेली होती. चादरीत कोळ्यांनी संसार थाटला होता. "हिच्याकडे बघायला वेळ कुठे होता त्याला," अर्डेल जिन्यावरून म्हणाली. "हॉलमध्ये सात लेकी होत्या ना."

मी ती तिथेच उघडली. दट्ट्यावर काजळीचा काळाकुट्ट थर. फडक्याला तेल लावून तो पुसला, मग कोरडा केला आणि मायक्रोमीटर लावलं. पुस्तकातल्या आकड्याच्या वर. पुन्हा मोजलं. वरच. चाळीस वर्षं दुर्लक्ष झाल्यामुळे तो दांडा धडधाकट राहिला होता.

"ने," ती म्हणाली. "पण उद्या खाणीत झाडून बघाल तेव्हा मी ऐकायला येणार. एक जरी मागे राहिला तरी शनिवारी सगळ्या बंदुका गाडीतच राहतील."

हॉलमध्ये तो दांडा सातव्या बंदुकीत घातला, कलती केली, आणि तो मध्येच थांबला. पुन्हा केली, पुन्हा तिथेच. लाकडावर घासल्याची बारीक चमक दिसत होती. मी खिशातला चाकू काढला.

"सरकारी लाकूड आहे ते," रॉली म्हणाला.

"सरकारने विचारलं तर भुगा पुडीत बांधून देईन."

नखाएवढं खरवडलं, बघितलं, अजून थोडं खरवडलं. शेवटी दांडा घसरत मागे आला. ड्वेनने बंदूक माझ्या हातून घेतली, स्वतः दोनदा कलती करून तो आवाज ऐकला, आणि परत माझ्याच हातात दिली. "सातवी तू धरायची," तो म्हणाला. "लष्कराचा शिक्का तुझ्यावरही आहेच."

शुक्रवारी खडीच्या खाणीत वारा इतका होता की टोप्या हातात धराव्या लागल्या. अर्डेलची गाडी कडेला उभी. ती आत, मांडीवर पर्स, काच खाली. ड्वेनने हुकूम दिला. पहिली फैर एक आवाज. दुसरी एक आवाज. तिसरीत एक बार निमिषभर आधी गेला.

"कोण तो?" गाडीतून आवाज आला.

"मी," रॉली म्हणाला.

"स्वतःच्या लग्नालाही तू तासभर आधी आला होतास. बायको अजून केस विंचरत होती. पुन्हा."

आम्ही पुन्हा झाडल्या. तीन. मग कुणी न सांगता आणखी तीन. पुंगळ्या खडीवर टणटणत पडल्या. एकदाही कुणाला दांडा हाताने ओढावा लागला नाही. अर्डेलने काच वर केली, गाडी सुरू केली, मग काच पुन्हा चार बोटं खाली आली.

"उद्या टोप्यांना इस्त्री करून या," ती म्हणाली. "सगळे झोपेतून उठल्यासारखे दिसताय."

शनिवारी दफनभूमीत कुंपणाच्या सावलीत अजून घाणेरडा बर्फ होता आणि तळ्यावरचा फुटत होता, त्याची करकर ऐकू येत होती. अर्डेल पहिल्या खुर्चीवर बसली होती, इस्त्रीच्या टोप्या तपासत. ड्वेनचा आवाज थोडा घोगरा होता, पण पोहोचला. पहिली फैर. माझ्या हातात तो दांडा मागे गेला आणि आला, पुंगळी उडून ड्वेनच्या बुटावर पडली. दुसरी. रॉली माझ्या डावीकडे श्वास रोखून उभा होता, मला त्याचं न घेणं ऐकू येत होतं. तिसरी. सात बंदुका, एक आवाज. तो धान्याच्या उंच कोठारावर आपटून परत आला, तोही एकच. त्यानंतर काहीच वाजलं नाही. मग बिगुल.

चर्चच्या तळघरात पावात हॅम, कॉफी आणि ती मटारवाली तीन भांडी होती. अर्डेल व्हर्लिनच्या पेटीवरचा झेंडा घडी करून मांडीवर घेऊन बसली होती. घडीत तीन फैरींच्या तीन पुंगळ्या होत्या. मी तिच्याजवळ कॉफी नेऊन ठेवली.

"दांडा सोमवारी परत आणून देते."

"राहू दे तिथेच. घरी त्याला काही काम नव्हतं." तिने कपात साखर ढवळली. "आणि जॅनेल, घासू नकोस हं."

"नुसता पुसते," मी म्हटलं.