शेळी पडली त्या दगडावरचं दगडफूल

मित्रांनो, मी एक जुनं दगडफूल आहे. तुमच्या मसाल्यातलं नव्हे. मला चावलंत तर दात पडतील. अ‍ॅटलसच्या डोंगरात एका काळ्या दगडाला मी पिवळंजर्द चिकटून होतं. संग्रहालयाच्या इत्तोबाईंनी छिन्नीने माझा सुपारीएवढा तुकडा दगडासकट काढला आणि वाटाड्या बास्सूला विचारलं, "या जागेचं नाव काय?"

"इझ्झामावशीची शेळी पडली तो दगड."

"अहो, नाव विचारतेय मी."

"हेच नाव आहे, बाई. गावात कुणालाही विचारा."

बाईंनी चिठ्ठीवर तसंच लिहिलं. मी कागदाच्या पुडीत आणि पुडी कपाटात, अशी तीस वर्षं गेली. आधी विद्यार्थी भिंगातून बघून कौतुक करायचे, मग तेही येईनासे झाले. फरशी पुसल्यावर ओलसर वास आला, की डोंगरातल्या धुक्याच्या आठवणीने माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

यंदा नवे साहेब आले. चिठ्ठी वाचून हसले. "इत्तोबाई, नकाशात शेळी कुठं दाखवू? ठिकाण कळत नसेल, तर हा नुसता खडा. महिनाअखेर टाकून द्या."

त्या दिवसापासून मला चैन पडेना.

इत्तोबाई निवृत्तीला आलेल्या, गुडघे कुरकुरणारे. तरी मला पिशवीत घालून त्या बसने बास्सूच्या गावी ती जागा शोधायला गेल्या. बास्सू वारला होता. त्याच्या मुलीने, तूदाने, पुदिन्याचा चहा ओतला. शेळीचा विषय निघताच शेजारी बसलेली इझ्झाची म्हातारी बहीण उसळली, "पडली कुठली? हिच्या बापानेच दगड मारून पाडली."

"मावशी, पन्नास वर्षं झाली. आता तरी सोडा," तूदा म्हणाली आणि वाट दाखवायला उठली. गावाने भांडण जपलं होतं, म्हणून जागाही हरवली नव्हती.

वर धुकं होतं. माझं उरलेलं अंग दगडावर ऐसपैस पसरलं होतं. छिन्नीची खोक जवळजवळ भरून आली होती, माझ्यावाचून. मला राग आला आणि रडूही.

"घरी आलंय, तर राहू द्या की इथंच," तूदा म्हणाली.

इत्तोबाईंनी मला बराच वेळ तळहातावर धरलं. मला राहायचं होतं. पण "नोंद संग्रहालयाची आहे, मला ठेवून जाता येणार नाही," म्हणत त्यांनी चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश लिहिले, शेळी मात्र खोडली नाही, आणि पुडी मिटली.

आता मला कुणी फेकणार नाही. तरी मन तिथंच घुटमळतं. मित्रांनो, कुणाला त्याच्या घरून उचलून आणाल, तर तिथल्या माणसांना विचारून त्याचा पत्ता नीट लिहून ठेवा. परत नेणं तुमच्या हातात नसेल. पण मी कुठलं, एवढं तरी मला सांगता आलं पाहिजे.