बोरमळ्याच्या जीपला काय सांगायचं आहे

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर ओळखणार नाही. माझं अंग काळं आणि टप पिवळा होता, पण आता दोन्ही रंगांवर एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून येणाऱ्या राखेचा एकच थर बसला आहे. मी एक प्रवासी जीप आहे. नाशिकजवळच्या बोरमळा नावाच्या वस्तीत, भिमाजीच्या शेताच्या कडेला, चारही चाकांत हवा नसलेली अशी मी उभी आहे. उभं राहण्याचाही थकवा येतो, हे मला इथे आल्यावर कळलं.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी कोरी होते. भिमाजीने मला घरी आणलं तेव्हा त्याच्या बायकोने, नवसाबाईने, माझ्या बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं आणि नवऱ्याला बजावलं, "जपून चालवा. बाया बसायच्यात हिच्यात."

त्या बाया म्हणजे बोरमळ्याच्या मळेकरणी. घरोघरी शेवंती, झेंडू, गुलछडी, नाहीतर मेथी-कोथिंबीर. सगळा माल सकाळी शहरातल्या बाजारात पोचला तरच त्याला मोल, उन्हं वर आली की फुलं मान टाकतात. वस्तीत सरकारी बस पूर्वी येत असे, पुढे ती बंद झाली. मग मी आले. पहाटे पाट्या टपावर चढायच्या, बाया आत बसायच्या आणि आम्ही निघायचो. संध्याकाळी त्याच बाया रिकाम्या पाट्या घेऊन परत यायच्या, आणि त्यांच्या गप्पांनी माझ्या काचा हलायच्या.

त्या काळात माझं कौतुकही फार झालं. दसऱ्याला झेंडूची एकेक पाकळी बाजारात हवी असते. पण त्या दिवशी बाया आधी मला हार घालत आणि मगच पाट्या उचलत. म्हातारी भागीबाई तर माझ्या दिव्यांवरची राख पदराने पुसायची. ती वस्तीतली सगळ्यांत जुनी मळेकरीण, भिमाजीला "भिमा" म्हणणारी एकटीच. तिची जागा भिमाजीच्या मागची, खिडकीजवळची. तिथे दुसरं कोणी बसलं की ती नुसती उभी राहून बघायची, आणि बसणारी आपोआप सरकायची.

वस्ती वाढली, तसे माझ्यात बसणारेही वाढले. वीजकेंद्रात कंत्राटावर जाणारे कामगार आले. नाशिकरोडच्या दवाखान्यात परिचारिका असलेली तेजस्विनी आली. परमिटवर नऊ माणसं लिहिलेली होती, पण बाकांवर, बाकांच्या मध्ये, एकमेकींच्या मांडीवर आणि मागच्या पायरीवर किती असायची, ते माझ्या स्प्रिंगांना विचारा. चढावर इंजिन धापा टाकायचं. रेडिएटरचं पाणी उकळायचं. भिमाजी खाली उतरून बॉनेट उघडायचा आणि म्हणायचा, "थांब गं बाई, घे दम." मला राग यायचा नाही. कोणाला खाली ठेवायचं, हा प्रश्न त्यालाही सुटत नव्हता.

अशी सोळा वर्षं गेली. मग एके दिवशी नाशिकरोडच्या थांब्यावर झाडाखाली एक टेबल मांडलेलं दिसलं. टेबलामागे यादव नावाचे एक कर्मचारी बसले होते. जिल्ह्यातल्या प्रवासी वाहतुकीचा नवा आराखडा करायचा होता. कुठे बस द्यायची, कुठली जुनी वाहनं काढायची, हे ठरवण्यासाठी सरकारने सगळ्या खाजगी वाहनवाल्यांकडून माहिती मागवली होती. कोणत्या रस्त्याला, किती फेऱ्या, किती माणसं.

यादवसाहेबांचा चेहरा उन्हाने रापला होता. प्रत्येकाला ते तेच वाक्य सांगत होते, "खरं सांगा. मी कारवाई करायला आलेलो नाही."

त्यांच्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही. ड्रायव्हर मंडळींनी चहाच्या टपरीमागे आधीच ठरवलं होतं, परमिटवर आहे तेवढंच बोलायचं, एक माणूसही वर नाही.

भिमाजीची पाळी आली.

"बोरमळा रस्ता. फेरीला किती माणसं?"

"नऊ, साहेब. कधी नऊपण भरत नाय."

"फेऱ्या?"

"दोन. एक जाती, एक येती."

मी टेबलापासून हाताच्या अंतरावर उभी होते. संध्याकाळच्या परतीची वेळ, बाया आत दाटीवाटीने बसल्या होत्या आणि कोणाचा तरी हात खिडकीतून बाहेर लोंबत होता. यादवसाहेबांनी मान वर केली. मला पाहिलं, त्या हाताला पाहिलं, मग भिमाजीला.

"लिहू नऊ?"

भिमाजीने घसा खाकरला. "लिहा."

त्यांनी लिहिलं.

पावसाळा संपता संपता आराखड्याचा मसुदा निघाला. एका संध्याकाळी परत येताना तेजस्विनीने तो मोबाइलवर उघडला आणि सगळ्यांना वाचून दाखवला. बोरमळा रस्त्यावर प्रवासी फारच कमी, सबब बससेवेची आवश्यकता नाही. पुढच्या ओळीत होतं, पंधरा वर्षांवरची प्रवासी वाहनं टप्प्याटप्प्याने बंद करावीत.

"म्हणजे काय गं?" भागीबाईने विचारलं.

"म्हणजे आजी, ही जीप बंद होणार. आणि बसही येणार नाही."

चाकाखालची खडी तेवढी वाजत होती.

"पण आपण एवढ्या असून प्रवासी कमी कसे?" कोणीतरी म्हणालं.

तेजस्विनी म्हणाली, "गाडीवाल्यांनी दिलेल्या माहितीवरून लिहिलंय." मग तिच्याही ध्यानात आलं. सगळ्यांच्या नजरा भिमाजीच्या पाठीवर गेल्या. आरशात त्याचे डोळे मला दिसत होते. ते रस्त्यावरच होते, पण रस्ता पाहत नव्हते.

भागीबाई हळूच म्हणाली, "भिमा, मी रोज तुझ्या गाडीत बसती ना रे? मग त्या कागदावर मी कुठं हाय?"

भिमाजीने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. तरी त्याचे हात स्टिअरिंगवरच होते.

"मावशी, खरं सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी परमिट गेलं असतं. तुम्ही कशानं गेला असता?"

"आता कशानं जाऊ?"

शेवटी तेजस्विनीनेच सांगितलं, मसुदा म्हणजे काही अखेरचा निर्णय नाही. लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या आहेत, पुढच्या सोमवारी शहरात सुनावणी आहे. ज्याला बोलायचं असेल त्याने जाऊन बोलावं.

"मी बोलीन," भागीबाई म्हणाली. मग तिचं भिमाजीच्या पाठीकडे लक्ष गेलं. आपण खरं बोललो तर या माणसाचं काय होईल, हे तिला कळत होतं. पुढचे दिवस ती माझ्या दिव्यांवरची राख पुसायला विसरली.

सोमवारी सगळ्या बाया माझ्यात बसल्या. बाजार बुडवून आल्या होत्या, म्हणून टपावर पाट्या नव्हत्या. सुनावणीचा हॉल तळमजल्यावर होता आणि भिमाजीने मला त्याच्या खिडकीखालीच उभं केलं, म्हणून पुढचं सारं मला ऐकता आलं.

आधी पुष्कळ लोक बोलले. काही जण नाव पुकारूनही आलेच नव्हते, काही आले होते ते भलतंच बोलत होते. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई सकाळपासून ऐकून दमल्या होत्या, ते त्यांच्या आवाजावरून कळत होतं. मग भागीबाईचं नाव पुकारलं.

"बाईसाहेब, आमच्या बोरमळ्याला बस पाहिजे."

"आजी, तिथं प्रवासी नाहीत असं नोंदलेलं आहे. तुम्ही रोज कशाने येता?"

"जीपनं."

"जीपमध्ये किती जणं असता?"

भागीबाई बोलेना. हॉलमध्ये पंखे फिरत होते. मागे बसलेल्या बायांच्या बांगड्या किणकिणल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी पुष्कळ वजन उचललं, पण त्या शांततेइतकं जड काही उचलल्याचं मला आठवत नाही.

दारातून भिमाजीचा आवाज आला. "मावशी, सांगून टाका. माझ्याकडं बघू नका."

तिने तरी त्याच्याकडे पाहिलं असावं. मग म्हणाली, "बसायला जागा नसती बाईसाहेब. येकमेकींच्या मांडीवर बसतो. पोरीबाळी मागं पायरीवर लटकत्यात. येका फेरीत मावत नाय म्हणून भिमा परत येतो, मग पुन्हा तसंच. बाहेर उभी हाय गाडी. आत्तापण तशाच आलोय आम्ही."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अधिकारी बाई खिडकीपाशी आल्या आणि त्यांनी मला पाहिलं. माझा टप वाकलेला, मागची पायरी झिजून पत्रा उघडा पडलेला.

"वाहनमालक कोण?"

"मी, बाईसाहेब. भिमाजी."

"तुम्ही दिलेली माहिती खोटी होती?"

"व्हय."

"का दिलीत?"

"खरं सांगितलं तर गाडी जाईल असं वाटलं."

"आणि खोटं सांगून काय झालं?"

बाई जागेवर जाऊन बसल्या. त्या रागावल्या नाहीत. थकल्या आवाजात म्हणाल्या, "आजींची हरकत नोंदवून घ्या. आणि भिमाजी, तुमचं म्हणणंही मला नोंदवावं लागेल. त्याचा परिणाम तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय, बाईसाहेब."

परत निघताना फाटकावरच्या माणसाने बजावलं, परमिटवर आहेत तेवढीच माणसं बसवायची. भिमाजीने पहिल्यांदाच मोजून माणसं बसवली. मी इतकी हलकी कधीच नव्हते. चढावर इंजिनाने धाप टाकली नाही, रेडिएटर उकळला नाही, आणि आत कोणी हसलंही नाही. मग उरलेल्या बायांना आणायला तो पुन्हा शहरात गेला. ती माझी शेवटची फेरी. त्यानंतर भिमाजीने मला बाहेर काढलंच नाही, आणि काही दिवसांतच परमिट रद्द झालं.

यानंतरचे महिने वस्तीला जड गेले. बस लगेच आली नाही, कागद फिरत राहिले. भागीबाई डोक्यावर पाटी घेऊन एकलहऱ्याच्या फाट्यापर्यंत चालायची आणि तिथून मिळेल त्या रिक्षाने जायची. फुलं पोचेपर्यंत कोमेजायची. काही बायांनी बाजारच सोडला आणि बांधावर येणाऱ्या व्यापाऱ्याला माल द्यायला लागल्या. कोणी भिमाजीला दोष दिला, कोणी भागीबाईला. दोघं समोरासमोर आली की मान खाली घालून जात. मी बाभळीखाली उभी राहून हे पाहत होते आणि माझ्या सीटच्या कापसात उंदीर घर करत होते.

आणि एके सकाळी बस आली. खरीखुरी बस, वस्तीच्या तोंडाशी, माझ्यासमोरच वळून उभी राहिली. लोक घरांतून बाहेर आले. पण मित्रांनो, जी सवय एकदा मोडते ती बस आल्याबरोबर परत येत नाही. बायांनी व्यापाऱ्याला शब्द दिले होते. कामगारांनी मोटारसायकली घेतल्या होत्या. पहिल्या आठवड्यात बसमध्ये भागीबाई, तेजस्विनी आणि आणखी चारदोन जणं. बाकीची बस रिकामी.

आठवडाभराने यादवसाहेब दिसले. थांब्यावरच्या दगडावर बसून ते चढणारी माणसं मोजत होते. ही सेवा सहा महिन्यांच्या चाचणीवर होती, प्रवासी कमी भरले तर ती बंद होणार होती. भिमाजी माझ्याजवळ गुरांना वैरण टाकत होता. त्याने बस जाताना पाहिली, यादवसाहेबांना पाहिलं. खूप वेळ हातातली वैरण हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने धुतलेला सदरा घातला.

नवसाबाईने विचारलं, "कुठं निघालात? शहरात काय काम काढलंत?"

"काम नाय. बसमधी बसायचं हाय."

"बसून?"

"बसून परत यायचं."

घटकाभराने चप्पल घालून तीही त्याच्या मागोमाग गेली.

तेव्हापासून भिमाजी रोज जातो. नाशिकरोडला उतरतो, टपरीवर चहा घेतो, परतीच्या बसने येतो. ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्यांना नेलं तो आता दुसऱ्याच्या गाडीत खिडकीशी गप्प बसतो. त्याला स्टिअरिंगची आठवण येत असणार, गियर बदलताना पाय आपोआप हलत असणार. पण तो जातो. आता हळूहळू दोन मळेकरणी परत पाट्या घेऊन येऊ लागल्या आहेत. परवा आणखी एक आली.

मित्रांनो, माझा शेवट जवळ आला आहे. भंगारवाला येऊन पत्रा वाजवून गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मी फार थकले आहे. तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्या गावात कोणी वही घेऊन विचारायला आलं, तर भीती वाटली तरी जे आहे ते सांगा. कागदावर जे नसतात त्यांच्यासाठी कोणी रस्ता करत नाही. आणि तुमच्या दाराशी बस येत असेल तर तिच्या सीट फाडू नका, काचा फोडू नका, तिला रिकामी परत पाठवू नका. गाडी माणसांनीच जिवंत राहते.

आज सकाळी धुकं होतं, तरी मला दिसलं. भिमाजी बसमध्ये चढला आणि भागीबाईच्या शेजारची जागा रिकामी होती. तो क्षणभर उभाच राहिला. भागीबाईने पाटी पायाशी ओढून घेतली आणि म्हणाली, "बस की रे, भिमा." तो बसला, आणि कंडक्टरने घंटी वाजवली.